धुराचा दावा

मुर्रीत घर बांधायचं ठरलं तेव्हा बायकोनं एकच अट घातली होती. घरातून जंगल दिसायला नको. मी वनरक्षक होतो, आणि लग्नानंतरची सगळी वर्षं तिनं जंगलाकाठच्या सरकारी क्वार्टरांत काढली होती. मार्च ते जून मी आगीच्या मागे असायचो. घरी यायचो तो कपड्यांना राखेचा वास घेऊन. ती ते कपडे घरातल्या कपड्यांत धूत नसे, वेगळ्या बादलीत भिजवत असे. त्यामुळे तिची अट मला जास्त वाटली नाही. गोंदिया शहराला लागूनच मुर्रीत जागा घेतली, तीन खोल्या बांधल्या. गच्चीवर गेलं तर धानाच्या शेतांच्या बांध्या दिसतात आणि पलीकडे राइस मिलच्या चिमण्या. जंगल दिसत नाही. त्या घरात ती दोन वर्षं राहिली आणि गेली. मुलगा पुण्यात नोकरीला, तिकडेच स्थायिक झालेला. मी एकटाच राहिलो.

मागच्या वर्षी मार्च सरता सरता एका सकाळी जाग आली ती वासानं. मिलमधला कोंडा जळतो तेव्हा धूर घशाला खवखवतो. शेतात धानाचं वाळलं तणस जाळतात तो धूर जरा गोडसर असतो. हा तो नव्हता. हा पाचोळ्याचा होता, सागाच्या आणि मोहाच्या पानांचा. डोळे न उघडता मला कळलं की जंगल पेटलं आहे, आणि एका ठिकाणी नाही, चार-पाच ठिकाणी पेटलं आहे. मोहफुलांचा हंगाम होता. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि दुपारचा वारा सुटला की ती आग कुणाचं ऐकत नाही. मी नोकरीभर लोकांना हे सांगत आलो. त्यांनाही ते माहीत होतं, आणि पोट भरायचं दुसरं साधन त्या दिवसांत त्यांच्याकडे नसतं हे मला माहीत होतं.

वारा पडलेला होता, त्यामुळे धूर खाली बसला आणि हलेना. बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ पोरांची लहान विमानं रोज आमच्या डोक्यावरून घिरट्या घालतात. त्या आठवड्यात ती दिसली नाहीत. लोक दारं लावून बसले. चौथ्या दिवशी मला न्हाणीघरातून खोलीपर्यंत येताना दोनदा भिंत धरावी लागली. शेजारच्यांना हाक मारायला श्वास पुरेना, म्हणून ताटलीवर चमचा वाजवला. त्यांनी ऑटो बोलावून दवाखान्यात नेलं.

पाच दिवस होतो तिथे. मुलानं माझ्या नावानं आरोग्य विमा काढून ठेवला होता, त्यामुळे बिलाचं सगळं परस्पर झालं. तो येतो म्हणाला. मी म्हटलं, रजा वाया घालवू नको, मी बरा आहे. तो म्हणाला, ठीक आहे. मला वाटलं होतं की तो अजून एकदा विचारेल.

डॉक्टर तरुण होते. हिंदीतच बोलत, गोंदियात बहुतेक जण बोलतात तसे. सुट्टी देताना म्हणाले, "काका, घर जाकर फिर वही धुआँ खाओगे, तो हमने इतना सब किया किसलिए?" आणि कार्डावर औषधांच्या खाली लिहिलं की धूर असेपर्यंत घरात एअर प्युरिफायर लावावा. मुलानं पुण्याहूनच यंत्र मागवलं. मी घरी आलो त्याच्या दुसऱ्या दुपारी कुरिअरवाला ते दारात ठेवून गेला.

पांढरं, गुडघ्याएवढं उंच. वर एक दिव्याची कडी. हवा खराब असली की लाल, चांगली झाली की निळी. मुलानं फोनवर सांगितलं तसं केलं. झोपायची खोली निवडली, खिडक्या लावल्या, फटींत जुन्या धोतराच्या पट्ट्या कोंबल्या, दाराखाली ओला टॉवेल. तासाभरात कडी निळी झाली आणि खरोखर बरं वाटलं. किती दिवसांनी पूर्ण श्वास छातीत उतरला.

पण त्या खोलीत बाहेरचं काहीच येत नव्हतं. सकाळची भाजीवाली ओरडते ते नाही, शेजारच्या घरचा मिक्सर नाही, कुत्री नाहीत. फक्त यंत्राची घरघर. दिवसभर मी पलंगावर बसून त्या कडीकडे पाहत असे. स्वयंपाकघरात जाऊन खिचडीला फोडणी देऊन आलो की ती माझ्यासोबत आलेल्या वासानंही लाल व्हायची, आणि मी चोरी केल्यासारखा दार लावून घ्यायचो.

तिसऱ्या दिवशी मला आमच्या जुन्या वॉचरची आठवण झाली. उन्हाळ्यापुरता रोजंदारीवर लागणारा माणूस, आगीवर नजर ठेवायला. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे राखायला दिलेल्या जंगलात, तो अठरा हंगाम माझ्यासोबत होता. त्याचं गाव तर धुराच्या अगदी तोंडाशी. त्यालाही खोकला होता, माझ्याहून जुना. मी फोन केला आणि सांगितलं की माझ्याकडे हवा साफ करायचं यंत्र आलं आहे, दहा दिवस ये आणि राहा. तो दुसऱ्या दिवशी एसटीनं आला, पिशवीत एक लुंगी आणि पुडीत मूठभर वाळलेली मोहफुलं घेऊन.

दोन दिवस आम्ही त्या खोलीत समोरासमोर बसलो. आधी खूप बोललो, मग बोलणं संपलं. त्याचा खोकला कमी झाला होता हे मला स्पष्ट ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पिशवी भरली.

मी म्हटलं, "काऊन जाऊन राहिला? धूर कमी कुठं झाला अजून?"

तो म्हणाला, "हवा चांगली आहे जी साहेब, खोटं कायले बोलू. पण इथं मले करमूनच नाही राहिलं. घरी खोकला येते, पण माणसं असतात."

मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो नाही, कारण मला बाहेर पडायची मनाई होती. दारातूनच निरोप घेतला आणि दार पटकन लावून घेतलं, हवा आत येऊ नये म्हणून.

एप्रिलच्या मध्यात वादळी पाऊस झाला आणि धूर निवळला. मुलानं यंत्राचं बिल आणि डॉक्टरांचं कार्ड विमा कंपनीला पाठवलं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली वस्तू आहे, तर मिळायला हवं असं त्याला वाटलं. दहा दिवसांत उत्तर आलं. एअर प्युरिफायर ही वैद्यकीय वस्तू नाही, घरगुती वापराची आहे, पॉलिसीत तिचा समावेश होत नाही. घरी केलेल्या उपचारांचं कलम होतं, पण त्यात न बसणाऱ्या आजारांच्या यादीत दमा आणि श्वासनलिकेची सूज होतीच. मुलगा म्हणाला, सोडा बाबा, मी यंत्र पैसे परत मिळतील म्हणून घेतलं नव्हतं.

मी सोडलं नाही. मुलाला सांगितलेलं कारण वेगळं होतं. त्याला म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. खरं म्हणजे तक्रार नोंदवायला मी कंपनीच्या नंबरवर पहिल्यांदा फोन केला, तेव्हा पलीकडून एका मुलीनं विचारलं होतं, "सर, अभी आपकी तबीयत कैसी है?" तिला ते विचारायला शिकवलेलं असणार, एवढं मला कळत होतं. तरी उत्तर द्यायला मला बरं वाटलं. मग मी दर दोन-तीन दिवसांनी फोन करू लागलो. तक्रारीचा क्रमांक सांगायचा, पलीकडचा आवाज थांबायला सांगायचा, संगीत लागायचं. मी थांबायचो. माझ्याकडे वेळच वेळ होता. फोन लावायच्या आधी मी दाढी करायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी कंपनीकडूनच फोन आला. तक्रार विभागातली बाई होती. सुरुवातीला तिनं ठरलेलं वाक्य म्हटलं, हा कॉल रेकॉर्ड होत आहे. मग हिंदीत विचारायला लागली. माझ्या हिंदीवरून तिनं ओळखलं असावं, कारण मध्येच मराठीत आली. "काका, मराठीत बोला. मी पण तिकडचीच, भंडाऱ्याची."

तिनं यंत्र कधी घेतलं, किती तास लावलं ते विचारलं. मग म्हणाली, "धूर कशाचा होता असं लिहू?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही. मी सांगितलं, जंगलाचा. ती म्हणाली, पण तुम्ही तर शहराजवळ राहता. मग मी तिला सांगायला लागलो की मोहाखालचा पाचोळा कसा पेटतो, वारा पडला की धूर कसा सखल भागात येऊन बसतो, वासावरून आग किती लांब ते कसं कळतं. तिच्याकडून बोटं चालल्याचा आवाज येत होता. ती टाइप करत होती.

मग तिनं विचारलं, "धुराचा त्रास याच वेळी पहिल्यांदा झाला का? की आधीपासून होता?"

मी म्हटलं, "आधीपासूनचा आहे. नोकरीतलाच."

बोटांचा आवाज थांबला. म्हणाली, "काका, हा कॉल रेकॉर्ड होते हे मी तुम्हाले सांगितलं ना?"

ती मला सावध करत होती. एवढा मी अडाणी नाही, मला त्याच वेळी समजलं. पण कुणीतरी ऐकत होतं, आणि सांगायचं अर्ध्यावर आलं होतं. मी म्हटलं, हो जी, सांगितलं. आणि पुढे सांगत गेलो.

मी तिला त्या उन्हाळ्याचं सांगितलं जेव्हा आम्ही दोघंच, मी आणि वॉचर, जाळरेषेवर होतो. जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी. त्या वर्षी ती वेळेवर झाली नव्हती. आग एका नाल्यातून वर आली आणि आमच्या मागून गेली. आम्ही हिरव्या फांद्यांनी झोडपत होतो, आणि मग झोडपायला समोर काही दिसेनाच. धूर असा की आपला हात आपल्याला दिसत नाही. मी खाली बसलो. मला वाटलं, जरा बसतो आणि मग उठतो. वॉचरनं माझी कॉलर धरून मला नाल्याच्या वाळूतून ओढत नेलं, आणि आम्ही दोघं ओल्या वाळूत तोंड खुपसून पडून राहिलो, आग वरून निघून जाईपर्यंत. त्यानंतर दोन महिने मला पायरी चढली की धाप लागायची. मी वरच्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ऑफिसात बसवलं असतं, आणि मला जंगल सोडायचं नव्हतं. नंतर दर उन्हाळ्यात छाती भरायची, पावसाळ्यात मोकळी व्हायची. वॉचरच्या खोकल्याची सुरुवात त्याच दिवसाची. त्याला ना विमा, ना पेन्शन.

चाळीस मिनिटं झाली असतील. शेवटी ती म्हणाली, "काका, तब्येतीले जपा." हे शिकवलेलं नव्हतं. मग फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी मुलाला कंपनीची नोटीस आली. यंत्राबद्दल नव्हती. पॉलिसी काढताना फुप्फुसाचा आजार आधीपासून होता हे का सांगितलं नाही, याचा खुलासा मागितला होता. फॉर्म मुलानं भरला होता. आधीचा काही आजार आहे का, या प्रश्नापुढे त्यानं नाही अशी खूण केली होती. त्याला माहीतच नव्हतं.

तो फोनवर चिडला होता. आवाज चढवला नाही, तो चढवत नाही. फक्त वाक्यं तोडून बोलत होता. "बाबा, तुम्ही त्यांना हे सगळं कशाला सांगितलं?"

"कंपनीनं विचारलं," मी म्हणालो.

त्या शनिवारी तो आला. आईच्या वर्षश्राद्धानंतर पहिल्यांदाच. ऑटोतून उतरला तो हातात कागदांची फाइल घेऊन. नोटिशीसोबत कंपनीनं माझं बोलणं टाइप करून जोडलं होतं, सात पानं. मी चहा केला तोवर तो जेवणाच्या टेबलाशी बसून ती पानं पुन्हा वाचत होता. मला वाटलं, चुका शोधत असेल. मग पाहिलं तर तो एकाच पानावर किती तरी वेळ थांबला होता, नाल्याच्या वाळूच्या पानावर.

"हे कधी झालं?"

मी वर्ष सांगितलं.

"मी तेव्हा नववीत होतो. होस्टेलला." तो म्हणाला. "त्या मे महिन्यात घरी आलो होतो. तुम्ही अंगणात खाटेवर पडून असायचे. मला वाटायचं तुम्ही माझ्याशी बोलत नाही."

तेव्हा मला एका दमात चार शब्द बोलता येत नव्हते, पण ते त्याला त्या वेळी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "तुझ्या आईले माहीत होतं."

तो म्हणाला, "मला कंपनीकडून कळलं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी आम्ही खुलासा लिहायला बसलो. त्यानं पॉलिसीतून वाचून दाखवलं की आजार आधीचा धरायचा तर त्याचं निदान किंवा उपचार डॉक्टरकडे झालेला असावा लागतो. माझा तर कुठेच झाला नव्हता, असं त्याला वाटत होतं. म्हणजे आपण सुटलो, तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा जरा सैल पडला. मी उठून पेटी उघडली. नोकरीच्या शेवटच्या वर्षी ग्रामीण रुग्णालयात गेलो होतो, तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासून ओढायचा पंप लिहून दिला होता. तो कागद बायकोनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता, माझ्या पेन्शनच्या कागदांसोबत. मी तो त्याच्यापुढे ठेवला.

त्यानं तो वाचला. "हा त्यांच्याकडे नाही. कुणाकडेच नाही."

"माझ्याकडे आहे."

त्यानं कागद उलटून मागची बाजू पाहिली. बाहेर उन्हात पत्रा तडतडत होता. मी म्हणालो नाही की पाठव, आणि पाठवू नको असंही म्हणालो नाही. खूण त्यानं केली होती, सही त्याची होती, अडकणार तो होता. शेवटी त्यानं मोबाइल काढला, कागद टेबलावर सपाट केला, चारही कोपरे बोटांनी दाबले आणि फोटो काढला. खुलाशाला तो स्वतः जोडला. खाली लिहिलं की वडिलांच्या आजाराची मला कल्पना नव्हती, मी विचारलं नव्हतं. ते शेवटचे तीन शब्द कंपनीनं मागितले नव्हते.

संध्याकाळी आम्ही जवळच्या नागऱ्याच्या महादेवाला जाऊन आलो. माझी स्कूटर तो चालवत होता. परत येताना एकदा त्यानं मागे वळून विचारलं, धाप लागत नाही ना. मी नाही म्हटलं. रविवारच्या गाडीनं तो गेला.

निकाल जुलैत आला. यंत्राचा दावा नामंजूरच राहिला. दवाखान्याचे दिलेले पैसे त्यांनी परत मागितले नाहीत. पॉलिसी चालू ठेवली, पण हप्ता वाढवला आणि श्वासाचे सगळे आजार पुढच्या तीन वर्षांसाठी त्यातून काढून टाकले. म्हणजे आता माझं हृदय, मूत्रपिंड, हाडं, डोळे सगळं विम्यात आहे. फुप्फुसं तेवढी माझी मला सांभाळायची आहेत. मुलगा म्हणाला, विमा लोकपालाकडे जाता येईल. मी म्हटलं, त्यांनी नियमानं केलं आहे, राहू दे.

तरी मी एकदा कंपनीला फोन केला. त्या बाईचे आभार मानायचे होते. तिनं मला थांबवायचा प्रयत्न केला होता, आणि मी थांबलो नाही तेव्हा पूर्ण ऐकून घेतलं होतं, एकही शब्द न गाळता टाइप केलं होतं. पलीकडच्या मुलानं विचारलं, तिचं नाव काय. मला माहीत नव्हतं. भंडाऱ्याची आहे, एवढंच सांगता आलं. तो म्हणाला, सर, आमच्याकडे त्यावरून शोधता येत नाही. अजून काही मदत करू शकतो का? मी नाही म्हटलं. त्यानंतर तो नंबर लावला नाही.

या वर्षी मार्चमध्ये धूर पुन्हा आला, मागच्यापेक्षा कमी. वॉचरला बोलावलं, तो म्हणाला, बघतो जी, आणि आला नाही. मी खोली बंद करून घेतली आहे. यंत्राची जाळी मुलानं नवीन पाठवली.

एक झालं आहे. मुलगा आता रविवारी फोन करतो तेव्हा जेवलात का विचारून ठेवत नाही. काहीतरी विचारतो. जाळरेषा केव्हा जाळायची, वणवा येताना प्राणी कुठल्या बाजूला पळतात, आई तेव्हा काय म्हणाली होती. मी सांगतो. मागच्या रविवारी सांगत होतो की तेंदूपत्ता तोडणीच्या दिवसांत तुझी आई मजुरांच्या लहान लेकरांना आमच्या क्वार्टरच्या ओसरीत झोपवायची, आणि तू त्यांच्यातच झोपून जायचास, मग कोण आपलं ते शोधावं लागायचं. मला वाटलं तो हसला. पण तो यंत्राचा आवाज होता. फोन केव्हाच कटला होता.

त्यानं परत लावेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. त्याला लाइन लगेच मिळाली नसावी.